खलनायकाला वाहिलेली श्रद्धांजली

बाबा, वाचनालयाच्या फळ्यावर तो घोळ मी घातला होता, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी शाळेत, मधल्या सुट्टीत, मुलांच्या वहीच्या कोऱ्या पानावर हे लिहायला बसले आहे.

तुम्ही वाचनालयात शिपाई. झाडायचं, पेपर काठीला लावायचे, कपाटं उघडायची. पण गाव तुम्हाला ओळखायचं ते बाहेरच्या फळ्यामुळे. ते काम तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या पेपरांतली कात्रणं तारखेवार वहीत चिकटवून ठेवायचात आणि रोज सकाळी ‘आजचा दिवस’ लिहायचात. वर इतिहास, खाली सिनेमा आणि क्रिकेट. कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकाखाली एखाद्या नटीचा वाढदिवस, आणि पुढे ‘वय विचारू नये’. मुरबाडच्या गाडीला थांबलेली माणसं आधी तो फळा वाचायची. वाचता न येणाऱ्या भाजीवाल्या मावशी टोपली खाली ठेवून विचारायच्या, “आज कोनाचा बड्डे हाय रं?” बुद्धवाड्यातला माणूस भर रस्त्यावर उभा राहून लिहितो आणि सगळं गाव ते वाचतं, याचं तुम्हाला काय वाटायचं ते कधी बोलला नाहीत. लिहून झालं की दोन पावलं मागे सरून फळ्याकडे बघायचात, तेवढंच.

मी नववीत होते. तुम्हाला हिवताप आला होता. दोन गोधड्यांखाली तुम्ही कुडकुडताय, आणि तरी उशीखालून चिठ्ठी काढून माझ्या हातात देताय. “तेवढं लिवून ये गो. फळा कोरा नको.” चिठ्ठीत दोनच नावं. एक वाचनालयाला जागा देणाऱ्या मालकांचं, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांचं, त्यांची पुण्यतिथी. दुसरं तुमच्या लाडक्या खलनायकाचं, त्याचा वाढदिवस. तुम्हाला नायक कधी आवडलाच नाही. “ह्यो बिचारा दरवेळी मार खातो आन् पुढच्या पिच्चरला परत हजर,” म्हणायचात. मला स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम होती. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. घाईघाईत फळ्याखालच्या कट्ट्यावर चढले, नावं बरोबर लिहिली, पुढचा मजकूर उलटा लिहिला आणि पळाले. खलनायकाला भावपूर्ण श्रद्धांजली. आणि वारून कितीतरी वर्षं झालेल्या मालकांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, दीर्घायुष्य लाभो.

दुपारी शाळेतून येते तर वाचनालयापुढे गर्दी. समोरच्या सलूनवाल्या काकांनी खलनायकाच्या फोटोला हारसुद्धा घातलेला. पोरं पोट धरून हसतायत. पायरीवर अध्यक्ष उभे, आणि त्यांच्यासमोर तुम्ही. तापातून उठवून आणलेलं, गोधडी तशीच खांद्यावर.

“माझ्या बापाची थट्टा करतोस?”

“नाय साहेब. चुकी झाली.”

“हे लिहिलं कोणी?”

तुमची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर येते आणि पुढे निघून जाते. “मीच लिवलं. तापात डोकं जाग्यावर नव्हतं.”

माझं अक्षर तुम्हीच गिरवून घेतलेलं, हुबेहूब तुमच्यासारखं. कुणाला शंका आली नाही.

“तुमच्यातला एक शिकलेला म्हणून तुला ठेवला. झाडू मार आणि गप बस. फळ्याला हात लावायचा नाही परत.”

मी दहा पावलांवर होते. दोन शब्द बोलायचे होते. लोक पांगल्यावर तुम्ही माझ्याजवळ आलात आणि म्हणालात, “घरी चल गो. आई जेवायची थांबली असंल.” वाटेत तुम्ही माझं दप्तर धरलंत. चार शिव्या दिल्या असत्यात तर मला आयुष्य सोपं गेलं असतं.

त्या फळ्यावर ऑइलपेंटनं वाचनालयाचे नियम रंगवले गेले. तुम्ही कात्रणं काढत राहिलात. जेवताना आईला विचारायचात, “आज काय हाय म्हायतेय?” आई म्हणायची, “आज भात हाय, जेवा गुमान.” आधी आपण तिघं हसायचो. मग तुम्ही विचारणं कमी केलंत. मग एक दिवस वही माळ्यावर गेली. गावात चालताना तुम्ही रस्त्याच्या कडेनं चालायला लागलात, आणि मला ते रोज दिसत होतं.

डी.एड.ला असताना तुमच्या काविळीचं कळलं. शहापूरच्या दवाखान्यात मी दोनदा आले. दोन्ही वेळा त्या फळ्याचं बोलायचं ठरवून आले होते, आणि दोन्ही वेळा परीक्षेचे मार्क सांगून परतले. दुसऱ्यांदा तुम्ही पिवळ्या डोळ्यांनी बघत म्हणालात, “तुजं अक्षर चांगलं हाय गो. वर्गात फळा नीट लिवत जा.” बाबा, तो टोमणा नव्हता, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो मनातून जात नाही.

तुम्ही त्या काविळीतच गेलात. मी शिक्षिका झाले. सिद्धगडाच्या पायथ्याला शाळा आहे. रोज परिपाठाला दिनविशेष लिहावा लागतो. माझी पाळी आली की मी दुसऱ्या बाईंना सांगते, माझा हात दुखतो. इतकी वर्षं दुखतो आहे.

गेल्या महिन्यात तुमचा खलनायक वारला. टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. त्या रविवारी आईकडे गेले तर सलूनवाल्या काकांनी हाक मारली. म्हातारे झालेत आता. “अगो बाई, तुज्या बापानं ह्याला पंधरा वर्सां आधीच पोचवला व्हता!” बाकावरचे सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “येडाच व्हता बिचारा.”

अध्यक्षही आता नाहीत. भ्यायला कुणी उरलेलं नाही. ‘तो घोळ माझा होता’ एवढंच तिथे म्हणायचं होतं. सलूनमधली ती चार माणसं संध्याकाळपर्यंत गावभर सांगून आली असती.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. हे पान फाडून पर्समध्ये ठेवते आहे. आईलाही दाखवणार नाही. तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवशी सलूनच्या दारात त्यांच्याबरोबर मीही हसले.