बाबांच्या दाढीचा फेस

५ जून, शुक्रवार

कालच्या नोंदीची दुरुस्ती. माझ्या हातून जास्त दाबला जातो म्हणून माझ्या गालांच्या औषधाच्या फेसाचा डबा लवकर संपतो, असं लिहिलं होतं. चूक. बाबा त्यानं दाढी करतात.

आणि डबा जास्त दिवस पुरावा म्हणून मी फेस वाटाण्याएवढाच लावत होते! दवाखान्यात बजावलं होतं – चाचणीचं औषध आहे, अजून दुकानात नाही, दुसऱ्या कुणी लावायचं नाही. संमतीपत्राखाली सही माझी. घरात सही करता येणारी मी एकटी, त्यामुळे सहीचा धाकही मलाच.

आई म्हणाली, "घरात आलेली वस्तू एकटीनं वापरतात का गं? हेच शिकवतात कॉलेजात?"

८ जून, सोमवार

माझे गाल तसेच लाल. बाबांच्या नाकाचा लालपणा मात्र उतरलाय. म्हणजे त्यांनाही माझ्यासारखा रोझेशिया, चेहरा लाल करणारा त्वचेचा आजारच असणार.

त्या नाकापायी गोदामाचे साहेब रोज फाटकावर त्यांचं तोंड हुंगायचे. बाबा दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. तरी गेल्या महिन्यात शेवटची ताकीद – सुधार, नाहीतर दुसरा पहारेकरी ठेवतो.

आज साहेबांनी पाठ थोपटली. "सोडलीस ना? शाबास."

बाबा "हो" म्हणून आले.

११ जून, गुरुवार

पुढच्या गुरुवारी गोदामात व्यसनमुक्त कामगार म्हणून बाबांचा सत्कार ठरलाय. 'मी कशी सोडली' यावर बोलायचंय.

"तू शिकलेली, लिहून वाचून दाखव. मी पाठ करतो."

"पण बाबा, तुम्ही कधी प्यायलाच नाहीत."

"तेवढं वगळून लिही."

आत्याची सूचना : किती प्यायचा ते बेतानं लिही, घराण्याची अब्रू आहे.

१२ जून, शुक्रवार

तपासणी. डॉक्टरीणबाईंनी गालावरचे फोड मोजले. "डबे अगदी न चुकता संपवतेस. आदर्श रुग्ण."

मी मान डोलावली. सांगितलं तर डबा बंद. डबा बंद की नाक लाल, नाक लाल की नोकरी गेली.



१५ जून, सोमवार

भाषण झालं लिहून. बाबा आंघोळ करताना घोकतात. शेजारी चौकशीला आले.

१६ जून, मंगळवार

डॉक्टरीणबाईंचा फोन. "इतके डबे लावून तुला काडीचा गुण नाही. तुझ्यासारखे आणखी निघाले तर औषध बादच होईल."

म्हणजे मी गप्प बसले, तर बाबांच्या नाकाचं औषध कधी दुकानात येणारच नाही.

भाषण फाडलं. बाबांना सगळं सांगितलं. दारू नव्हे, आजार – हे डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेऊ, साहेबांना दाखवू. त्यांनी गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "दाढी करून येऊ, की तशीच?"

तशीच. गुरुवारी, १८ जूनला, सकाळी दहा वाजता दवाखान्यात. सत्कारही तेव्हाच आहे.