आबांचं मॅट्रिक

१२ सप्टेंबर
दहावीचा सतरा नंबर फॉर्म भरला. बाहेरून बसणार. श्रेया, माझी पोरगी, कॉलेजात आहे, तीच शिकवणार. मैत्रिणींना फोनवर सांगत होती, आमचे आबा परीक्षा देणार. उद्यापासून पहाटे अभ्यास.

१४ सप्टेंबर
पहाट हुकली. पण श्रेयाने एक भारी इंग्रजी क्रियापद शिकवलं. मॅट्रिक्युलेट, म्हणजे रीतसर नाव दाखल होणं. मूळ लॅटिन, मॅट्रिक्युला म्हणजे नावांची यादी. पास होण्याचा उल्लेखच नाही. मग मी मॅट्रिक झालोच की. श्रेया म्हणाली, पळवाट काढू नका. पोरीला लॅटिनचा अभिमान नाही.

२० सप्टेंबर
पारावर बोलता बोलता लॅटिन अर्थ सांगितला. भाचा पप्पू मंचरला फ्लेक्स छापतो. त्याने अर्धंच ऐकलं असावं.

२२ सप्टेंबर
स्टँडवर माझा फोटो. 'चांगदेवभाऊ मॅट्रिक झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' उतरवायला सांगणार होतो. पण फोटो चांगला आलाय.

५ ऑक्टोबर
शाळेत गुणगौरव. सोपान मेंबरने फेटा बांधला, म्हणाला, "भाऊ, लई नाव काढलं." फेटा सावरून घेतला. लॅटिनप्रमाणे खोटं काहीच नव्हतं. श्रेया मागे उभी होती, टाळ्या वाजवत नव्हती.

१८ डिसेंबर
कांदा लागण. शिवाय बिबट्या फिरतोय, गच्चीवरचा अभ्यास बंद. बिबट्या गणित तपासायला येत न्हाई, असं बायको म्हणाली.

२० फेब्रुवारी
उद्या मराठीचा पेपर, केंद्र मंचर. मराठी आपलीच आहे.

२१ फेब्रुवारी, सकाळ
गेटवर सोपान. पोराला सोडायला आलेला. "भाऊ, तुमी हितं?" फेटा बांधणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दहावीला कसं बसायचं? म्हणालो, पोरांना शुभेच्छा द्यायला आलो. त्याच्या पोराला माझा पेन दिला.

दुपार
पेपर सुटेपर्यंत मार्केट यार्डात बटाट्याच्या गोण्यांवर बसून होतो. हॉल तिकीट खिशात.

संध्याकाळ
घरी श्रेयाने विचारलं, पेपर कसा गेला. सोपा होता म्हणालो. ती हळूच म्हणाली, "आबा, मी डबा घेऊन आलते. पेपर सुटला तवा गेटवरच व्हते."

तेवढ्यात शेजारचा यमाजी आला. पोरीला म्हणाला, सकाळी आबा मंचरला दिसले, काय काम व्हतं? मी तोंड उघडायच्या आत श्रेया म्हणाली, माझ्या कॉलेजच्या कामाला आले व्हते. आजवर पोरगी कुणाशी खोटं बोलली नव्हती.