अकरा ते एक

३ फेब्रु., मंगळ.
सोसायटीच्या बोर्डवर नोटीस. "तळमजल्यावरील लोहारकाम त्वरित बंद करावे. ही निवासी सोसायटी आहे, लोहारवाडा नव्हे. – सेक्रेटरी." माझं नाव नाही लिहिलं. तळमजल्यावर दोनच घरं, दुसऱ्यात दाते आजी. म्हणजे एकतर मी, नाहीतर त्या घण मारतात.
अक्षर मात्र सुंदर आहे कानडे काकांचं. (यापुढं के.के. एवढं लांब नाव रोज कोण लिहिणार.)
लोहारकाम म्हणजे आहे काय? मागच्या टीचभर जागेत ट्रकचा ब्रेक ड्रम, त्यात कोळसा, खालून आईच्या जुन्या हेअर ड्रायरची हवा. ऐरण म्हणजे रुळाचा तुकडा. पप्पा कंपनीची बस चालवतात, त्यांच्या गॅरेजवाल्यानं दिलं सगळं. शाळा सोडून दोन वर्षं, भट्टीला दीड.
बंद करणार नाही.

५ फेब्रु., गुरु.
के.के. घरी आले. मी किचनच्या दाराआड.
"अहो गायकवाड, मुलीच्या जातीला शोभतं का हे? आणि दहावी तरी झाली का ती?"
पप्पा म्हणाले, "चहा घेणार?"
चहा घेतला. दोन बिस्किटंपण. मग ठरलं की १ मार्चच्या मीटिंगमध्ये कायमचा निकाल, भट्टी राहणार की जाणार. तोवर फक्त ११ ते १. सकाळी लोकांच्या पूजा असतात, एक ते चार लोक झोपतात, संध्याकाळी लोकांच्या मुलांचा अभ्यास असतो. लोकांना सगळंच असतं.
मी सकाळी सातला नि साडेपाचनंतर करायचे. ठीक. ११ तर ११.

७ फेब्रु., शनि.
वाट लागली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या तुकड्याचं उलथणं करत होते. तापवत होते, तापवत होते, लाल होईचना. अचानक टोकातून फुलबाजीसारख्या तडतड ठिणग्या. बाहेर काढलं तर टोक जळून गेलेलं, वाळक्या भाकरीसारखं तुटलं.
दुसरा तुकडा घाबरून लवकर काढला. तो गार. तिसऱ्या घावाला चीर.
कोळसा खराब आलाय बहुतेक.

८ फेब्रु., रवि.
कोळसा बदलला. अजून दोन तुकडे गेले. दीड वर्षात एवढं कधी नाही जळलं. हात विसरले का माझे
आई म्हणाली, "नसेल होत तर राहू दे ना." राहू कसं दे.

९ फेब्रु., सोम.
सासवड रोडला सुमनमावशीकडे गेले. रस्त्याकडेला त्यांचं पाल आहे, नवरा-बायको विळे-कोयते करतात. आधी मी नुसती लांब उभी राहून बघायचे. चौथ्या दिवशी त्याच म्हणाल्या होत्या, "मुकी हाईस का गं?" तेव्हापासून ओळख.
जळकं टोक दाखवलं. मावशींनी विचारलं, "कवा केलंस?"
"बाराला."
त्या एवढ्या हसल्या की नवऱ्यानं सांडशी खाली ठेवली.
"आगं बये, उन्हात रंग दिसंल का तुला? लोखंड लाल झालेलं उन्हात काळंच दिसतंय. आमी पालाच्या आत भट्टी लावतो ती काय हौस म्हणून व्हय?"
डोक्यात ट्यूब पेटली. सकाळी सातला नि संध्याकाळी मागं सावलीच असते. ११ ते १ ऊन बरोबर भट्टीवर. कोळसा चांगला होता. मी पण चांगली होते!!
मग म्हणाल्या, घण धर. त्यांच्यात घण बायकाच मारतात. "बाप्ये नुसते सांडशी धरून बसत्यात, जसं काय लई मोठं काम हाय." नवऱ्यानं नुसती सांडशी हलवली. दहा घाव मारले. "हातानं नको, कमरंनं मार." कंबर गेलीय. मस्त वाटतंय.
के.के.ना सांगायला पाहिजे, मुलीच्या जातीला काय शोभतं ते.
(सांगणार नाही. तोंडातून आवाज निघेल तर ना.)

११ फेब्रु., बुध.
भंगारवाल्याकडून चार पत्रे. दोन भिंतीला टेकवले, एक वर आडवा, एक उन्हाच्या बाजूला. आत अंधार.
पहिल्याच तापाला रंग दिसला. आधी टरबुजाच्या आतल्यासारखा, मग संत्र्याच्या सालीसारखा. तिथंच काढायचा. उलथणं झालं. आईनं लगेच त्यानं थालीपीठ उलटवलं.

१३ फेब्रु., शुक्र.
बोर्डवर नवीन नोटीस. "तळमजल्यावरील अनधिकृत बांधकाम त्वरित काढावे."
चार पत्रे!! बांधकाम!!
पप्पांनी पत्रे काढून ठेवले. म्हणे मीटिंगपर्यंत वाद नको. मी त्यांच्याशी बोलले नाही. तशी मी बोलतच नाही, त्यामुळे त्यांना कळलं का माहीत नाही.

१८ फेब्रु., बुध.
पत्र्यांशिवाय रोज एक तुकडा जाळतेय. तरी रोज ११ ला पेटवते. मिळालेली वेळ सोडायची नाही.
पप्पा जेवताना: "जूनमध्ये १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसशील असं कबूल कर. मग मीटिंगमध्ये तुझ्या बाजूनं मी बोलतो."
मी म्हणलं नाही. दहावीचं दहावीच्या जागी. भट्टी काय बक्षीस आहे का?
"मग बोलणार कोण?"
"मी."
आईचा घास हातातच राहिला. माझापण.

१९ फेब्रु., गुरु.
काय बोलून बसले. नववीत धडा वाचायला उभं केलं होतं, अख्खा तास उभी होते, एक शब्द नाही. मॅडम म्हणाल्या, बसा आता, ऐरणीसारख्या उभ्या... नाही, तेव्हा ऐरण नव्हती, खांबासारख्या म्हणाल्या. सगळा वर्ग हसला.
तरी शब्द मागं घेणार नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
दोन पानी भाषण लिहिलं. वाचून दाखवायला लागले तर आई आतून, "मोठ्यानं बोल, कुकर वाजतोय." कापून कापून तीन वाक्यं ठेवली.
१. मला सावली पाहिजे.
२. पत्रे भिंतीत ठोकलेले नाहीत.
३. आवाज दोन तासच होतो.

१ मार्च, रवि.
पार्किंगमध्ये मीटिंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वीसेक लोक. विषय चौथा. के.के. म्हणाले, "बोला."
उभी राहिले. तीन वाक्यांतलं एकही नाही आलं. कानात नुसता भाता चालू. कुणीतरी खोकलं. पप्पा उठायला लागले, मी हातानंच बसा केलं. घड्याळात ११:२०. माझी वेळ चालू झालेली. मग सरळ चालायला लागले, मागच्या बाजूला. भट्टी पेटवली.
दहा मिनिटांत निम्मी मीटिंग माझ्या मागं. के.के. प्रोसिडिंगची वही घेऊन पुढं. "हा काय प्रकार आहे?" मी पाट्याचा तुकडा तापवून वर काढला. "हे तर काळंच आहे," म्हणाले आणि नीट बघायला वाकले. डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून वही आडवी धरली. वहीची सावली बरोबर लोखंडावर पडली आणि ते एकदम टरबूज लाल झालं.
के.के. अर्धा पाऊल मागं सरकले. वही हलली, परत काळं.
"काका, वही तशीच धरा."
माझाच आवाज. सगळ्यांनी ऐकला. आणि त्यांनी धरली की! मी ठोकून टोक काढलं, परत तापवलं, परत "धरा". चार तापांत हूक तयार. सोसायटीच्या सेक्रेटरीनं उन्हात वीस मिनिटं वही धरली.
मग मागून दाते आजी, "कानडे, वही धरण्यापेक्षा पत्रे स्वस्त पडतील."
लोक हसले. माझ्यावर नाही.
मग वरच्या मजल्यावरच्या एका काकू म्हणाल्या, पण आवाजाचं काय, माझं डोकं दुखतं. ते खरंच आहे. निकाल नाही. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. तारीख नाही.

३ मार्च, मंगळ.
के.के. सकाळी जिन्यात. पहिल्यांदाच पप्पांना सोडून माझ्याशी. "हे बघ, आवाजाचा विषय प्रलंबित आहे. निर्णय होईपर्यंत भट्टी आणि ते पत्रे, दोन्ही बंद ठेव. अजून तुझ्या बाजूनं काही ठरलेलं नाही."
"माझ्या विरुद्धपण नाही ठरलं," मी म्हणलं.
ते थांबले. मला वाटलं ओरडतील. "उद्या पेटवलीस तर मला खाली यावं लागेल."
"या."
आधी तेच वर गेले.
काकूंच्या डोक्याचं काहीतरी करायला पाहिजे, ऐरणीखाली वाळूची पोती घालून बघते. पत्रे परत लावलेत. कोळसा भरून ठेवलाय. उद्या ११ ला पेटवणार.