बिअरच्या पातेल्याला नमस्कार

येना, जर्मनी,
१२ मार्च २०१६

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं बरी आहोत. इराची परीक्षा संपली. ऊर्मिलाचा खांदा दुखतो, पण इथल्या थंडीत कोणाचा दुखत नाही? तुझा गुऱ्हाळाचा हंगाम आवरत आला असेल. तुझ्या मे महिन्याच्या तिकिटाचा कागद सोबत ठेवला आहे.

गेल्या शनिवारी फ्रँकफर्टला साडूकडे, पद्माकरकडे, गेलो होतो. तो हल्ली घरी बिअर करतो. ‘करतो’ हा त्याचा शब्द. बाजारात डब्यात तयार अर्क मिळतो, काकवीसारखा काळा आणि चिकट. जव भिजवणं, मोड आणणं, दळून रस काढणं, सगळं दुसऱ्याच कोणीतरी उरकलेलं. याने तो पाण्यात घालून तासभर उकळायचा, हॉप नावाची कडू फुलं टाकायची, निवल्यावर यीस्ट मिसळायचं. एवढ्यासाठी अंगावर चामड्याचा एप्रन. कायद्याप्रमाणे कस्टमच्या कचेरीला, त्सोल-आम्टला, रीतसर कळवलंही होतं. ते पत्र फ्रिजवर, पाहुण्यांना दिसेल असं.

वीस लिटर करायची तर वीस लिटर उकळावं ना? याचं पातेलं लहान. म्हणून आठ लिटर उकळायचं आणि वरून बारा लिटर थंड पाणी ओतायचं. पुस्तकात अशीही पद्धत आहे म्हणे. आळशांची सोय पुस्तकांत असतेच.

खाली शेगडी चालू, पाणी खळखळतंय, आणि त्याने डबा सरळ उपडा केला. अर्क जाऊन तळाला बसला. हा आपला दोन जर्मन मित्रांना ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करत समजावतोय. करपल्याचा वास मला आला, त्याला नाही.

मी माळकरी माणूस, मला बिअरशी काय करायचंय? पण बघवेना. पातेलं खाली उतरवलं, तळ खरवडत ढवळलं, अर्क पुरता विरघळल्यावर पुन्हा चढवलं. फेस चढू लागला तशी झाऱ्याने मळी काढत राहिलो. मग स्वच्छ उकळी आली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. बाबा गुळाच्या काहिलीसमोर जोडायचे तसेच.

सगळे हसले. पद्माकर म्हणाला, "बिअरला नमस्कार करणारा माळकरी आजच पाहिला. देवदत्तराव, हे शिकलात कुठे हो?"

मी म्हणालो, "आमचे बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते."

ऊर्मिलाने मान खाली घातली.

दादा, ही थाप आजची नाही. लग्न ठरवताना तिच्या माहेरी मीच मारली होती. बाबा गुळव्या होते, दुसऱ्यांच्या काहिलीवर रोजाने उभे राहायचे, आणि आता तू राहतोस, हे तिला वर्षभरात कळलं. तिने माहेरी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. मला एकदाही टोमणा मारलेला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पद्माकर खूश झाला. म्हणाला, तुमचे दादा येतायत ना, त्यांना माझी बिअर दाखवू, केमिस्टचा मुलगा काय म्हणतो बघू.

खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. इथे आलास की तूही तसंच सांग, चारच दिवसांचा प्रश्न आहे, असं पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते पान फाडलं. पद्माकरला मी इतकं हसलो, पण अर्क कुठून आला ते त्याच्या डब्यावर निदान छापलेलं होतं.

आत्ता सकाळचे दहा झालेत. पाकीट बंद करण्याआधी त्याला फोन करणार आहे. पत्र तुझ्या हाती पडलं म्हणजे फोन झाला असं समज. तो हसेल. हसू दे. तुला कोणी काही विचारलं, तर खरं तेच सांग.

वहिनींना नमस्कार.

बाबांच्या फोटोसमोर आता हात जोडायचाही संकोच वाटणारा,
तुझा धाकटा भाऊ,
देवदत्त