एकवीस संगणकांची तपासणी

३ नोव्हेंबर

तिसरं कंत्राटही गेलं! कॅनडातल्या या सडबरीच्या निम्म्या खाणींना यंत्रांचे सुटे भाग आम्ही पुरवतो, आणि आमचा भाव निविदेच्या पाकिटात जायच्या आधीच समोरच्या कंपनीला ठाऊक! मालक गार्नेट जेवणाच्या खोलीत येऊन ओरडला, "घरात फितूर आहे — माणूस नाहीतर मशीन."

संगणकवाला वेंडेल आलाय. म्हणतो, कुठल्यातरी संगणकात हेर प्रोग्राम शिरला असणार. आपण टाइप करू ते चोरून बाहेर पाठवतो. सगळे घरी गेले की तो एका जागी बसून ऑफिसचे बावीसही संगणक तपासणार. "जाताना बंद करू नका. बंद असेल तो मला दिसत नाही."

४ नोव्हेंबर

बालमैत्रीण युगेतच्या टेबलाशी डबा खाल्ला. वाटाण्याचं सूप. संधिवाताने तिची बोटं वाकडी झालीत, चमचा धरवत नाही. कॉन्व्हेंट शाळेत तिसरीत असताना याच बोटांनी ती माझ्या वेण्या घालायची — सिस्टर यायच्या आत, घाईघाईने. किती मऊ होती!

५ नोव्हेंबर

हेर सापडला. युगेतच्या संगणकात.

गार्नेटने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "काय आजीबाई! टाइप करायला बोटं वळत नाहीत, नको तिथे टिचकी मारायला बरी वळतात!" सगळे हसले. वेंडेलने हळूच विचारलं, "संगणकावर नवीन काही उतरवून घेतलं होतं का?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आठवत नाही."

तो संगणक तिलाच उचलून गोदामात ठेवायला लावला. सगळ्यांच्या टेबलांमधून. दोनदा खाली टेकवावा लागला तिला. कोणी उठलं नाही. मीही नाही.

६ नोव्हेंबर

युगेतला काढून टाकलं. एकतीस वर्षं! पेन्शनला दोनच उरली होती.

९ नोव्हेंबर

वेंडेल माझ्या टेबलाशी आला, हातात यादी. एकवीस नावांपुढे निकाल. माझ्यापुढे 'उत्तर नाही'. "ओदेतबाई, त्या दिवशी बंद करून गेलात का?"

गेले असेन. खोलीतून निघताना दिवा मालवायचा — सिस्टरांनी लावलेलं वळण. हात डोक्याला विचारत नाही.

पाच मिनिटांत तपासला त्याने. हेर माझ्याकडेही! तिच्यापेक्षा दोन दिवस जुना. चर्चच्या गायनासाठी नाताळची गाणी छापायचा एक फुकट प्रोग्राम मी उतरवून घेतला होता. आणि युगेतला पाठवला होता — "तूही घे गं, छान आहे!"

म्हणजे तिला आठवत होतं.

वेंडेल नजर टाळत म्हणाला, "साफ केलाय मी. पुढचं तुम्ही बघा."

१० नोव्हेंबर

युगेतला फोन केला. मी 'ती गाणी' म्हणताच तीच बोलली. "रडतेस कशाला, वेडे? दोघींची नोकरी जाण्यापेक्षा एकीची गेलेली बरी. तोंड उघडू नकोस, माझी शपथ!" मागे तिच्या नवऱ्याचा खोकला. त्याच्या औषधांचं आता कसं करणार?

शपथ मोडणार. उद्या गार्नेटला सगळं सांगणार. मला काढा, तिला परत घ्या. इतकं साधं आहे!

११ नोव्हेंबर

सांगितलं. त्याने मान वर केली नाही. "तिच्या मशीनवर पाठवणाऱ्याचं नाव होतं, बाई. तुमचं. मी पहिल्याच दिवशी वाचलं."

"मग तिला का —"

"असल्या बोटांच्या बाईला आणखी दोन वर्षं कोण बसवून ठेवणार? निमित्त हवं होतं, तुम्ही दिलंत. दार ओढून घ्या जाताना."

ओढलं. जागेवर येऊन बसले. रोजच्यासारखी ऑफिसची तीन पत्रं टाइप केली.