ड्युप्लिकेट किल्ल्या अकोल्याला

३ नोव्हेंबर, सोमवार
पलीकडच्या कॉलनीतून काल कोणाची तरी कार गेली. माझ्यासारखी पांढरीच. मालक म्हणे लॉक करायला विसरला. अशा माणसाला गाडी घेऊ देतातच कशाला? माझी गाडी कोणी नेऊन दाखवावी. जन्मभर कोषागारात नोकरी केली. जिल्ह्याची तिजोरी सांभाळणाऱ्या बाईला एक गाडी सांभाळता येणार नाही?
संकल्प : या आठवड्यात गाडीची संपूर्ण सुरक्षाव्यवस्था.

५ नोव्हेंबर
स्टिअरिंग लॉक आणला. गिअर लॉकही आणला. दुकानदार म्हणाला, एक पुरेसा आहे, मॅडम. त्याला इंग्रजीत समजावलं. मग दोन्हींचं बिल केलं. शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसचं इंग्रजी आहे, अमरावतीत अजून चालतं.
गाडी सुरू करायला आता बराच वेळ लागतो. चोरालाही लागेल.

७ नोव्हेंबर
कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दोन कुलपं असायची, दोन माणसांकडे. आणि ड्युप्लिकेट किल्ल्या इथे ठेवायच्याच नाहीत, दुसऱ्या जिल्ह्यात ठेवायच्या. ज्यांनी हे नियम केले त्यांना माणूस कळत होता.
तेव्हा गाडीची, स्टिअरिंगची, गिअरची, गेटची, सगळ्या ड्युप्लिकेट किल्ल्या अकोल्याला. धाकट्या भावाकडे, प्रीतमकडे. स्वप्निलच्या हाती दिल्या. प्रीतमचा मुलगा, इथे कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, रोज संध्याकाळी जेवायला माझ्याकडे असतो. मला मूलबाळ नाही, पण याला पाहिलं की तशी गरजही वाटत नाही. किल्ल्या खिशात टाकून त्याने वरून हात ठेवला. जबाबदारीची जाणीव रक्तात असावी लागते.

१० नोव्हेंबर
ट्रॅकर बसवला. गाडी जगात कुठेही गेली तरी मोबाइलवर ठिपका दिसतो. माझ्या फोनमध्ये जागा नाही म्हणून स्वप्निलने ॲप स्वतःच्या फोनमध्ये घेतलं. म्हणाला, तू टेन्शन घेऊ नको आत्या, मी पाहून राहिलो ना. चार इयत्ता शिकवतो आणि बोलतो असं. 'पाहतो आहे' म्हण, असं सांगितलं. तरी तसं म्हणाला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
नांदगाव खंडेश्वरला जाऊन आले. माझी जुनी सहकारी सुंदराबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून पडली आहे. एसटीने गेले. परक्या गावात गाडी उभी करणं म्हणजे चोराला आमंत्रण. सुंदराबाई म्हणाली, मंग घेतली कायले? ऑपरेशननंतर माणसं चिडचिडी होतात.

१७ नोव्हेंबर
गाडीची रोजची तपासणी. ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली!
मी उंचीने कमी, सीट कायम पुढे असते. म्हणजे कोणी तरी लांब पायांचं माणूस बसून गेलं. शेजारचे खुशालराव. सहा फुटी. परवाच कव्हर उचलून चाकाकडे बघत होते, हवा कमी दिसते म्हणाले. चोरीआधी पाहणी करतात, पेपरात वाचलं आहे.
स्वप्निलला सांगितलं. तो बराच वेळ वरणात भात कालवत राहिला. मग म्हणाला, सीट आपोआप सरकत असंल. किती निर्मळ मन. कोणावर संशयच घेता येत नाही त्याला. लांब पाय असूनही खुशालरावांसारखा नाही.

२० नोव्हेंबर
खुशालरावांना कुंपणावरून स्पष्ट सांगितलं की माझ्या गाडीपासून दूर राहायचं. ते म्हणाले, बाई, मले गाडी चालवताच येत नाही. हे चोर नेहमीच म्हणतात.

२३ नोव्हेंबर, रविवार
स्वप्निल केस कापून आला. नवा कुर्ताही शिवायला टाकला आहे म्हणे. कोणासाठी, विचारलं. क्लासचं गॅदरिंग. पुढच्या रविवारी मी नांदगावला जाणार का, हे तीनदा विचारलं. सुंदराबाईची काळजी, दुसरं काय. म्हटलं, आता जाईनच.
त्याच्या लग्नाचं मलाच बघावं लागणार. प्रीतम आणि रश्मी, त्याची आई, दोघंही भोळी. गेल्या वर्षी हिवरखेडचं स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांना मी दोनच प्रश्न विचारले, तेही त्यांच्या मुलीच्या इंग्रजीबद्दल. चहा टाकून उठून गेले. अशी माणसं वेळेवर उठून गेलेली बरी.

२८ नोव्हेंबर
वरच्या खोलीत भाड्याने राहणारी पिंकी हुशार आहे. माझ्या फोनमधले गुड मॉर्निंग सगळे पुसले आणि ट्रॅकरचं ॲप टाकून दिलं. आता दोन माणसांकडे नजर. खरं डबल लॉक. स्वप्निलला सांगितलं नाही, परवा नांदगावहून फोन करून चकित करीन.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी, नांदगाव
ठिपका हलला.
आधी वाटलं फोन बिघडला. मग ठिपका बडनेऱ्यात. मग मूर्तिजापूरच्या रस्त्याला. स्वप्निलला फोन, स्विच ऑफ. प्रीतम उचलत नाही. रश्मी उचलत नाही. पोलिसांना लावला. त्यांनी विचारलं, किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत? सगळी पद्धत समजावून सांगितली. पलीकडचा माणूस म्हणाला, मॅडम, आधी घरी विचारून घ्या. हे यांचं पोलिसिंग.
चोर अकोल्याकडे निघाला आहे. अकोल्यात माझं माहेर आहे, हे त्याला ठाऊक नाही. निघते.

तोच दिवस, रात्री, घरी
दोन एसटी बदलून अकोला. ठिपका एका लॉनवर थांबलेला. ऑटोवाल्याला दाखवला. त्याने विचारलं, कोनाचं लगन हाय, मावशी? म्हटलं, लग्न नाही, चोर पकडायचा आहे. त्याला हुरूप आला. भाडं ठरवायचंही विसरला.
लॉनच्या दारात माझी गाडी. बोनेटवर शेवंतीची माळ. मांडवात ही गर्दी.
ऑटोवाला म्हणाला, "मावशी, या चोरायची पंगत लय मोठी हाय."
मांडवाच्या तोंडाशी खुशालराव. हातात प्लेट. मला बघून त्यांनी गुलाबजाम तोंडातच ठेवला, चावला नाही.
स्टेजवर स्वप्निल, नव्या कुर्त्यात, शेजारी पांढऱ्या साडीतली एक मुलगी. साक्षगंध चालू होतं. माझ्या भाच्याचा साखरपुडा. प्रीतमने मला पाहिलं आणि पगडी नीट करत राहिला. रश्मी आली, मला हाताला धरून पाण्याच्या पिंपामागे घेऊन गेली. कधी नव्हे ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "ताई, तुमाले बलावलं असतं तं याही पोरीचा बाप उठून गेला असता. मले पोराचं लगन पाह्यचं हाय."
शेजाऱ्याला बोलावलं. माझ्या गाडीला बोलावलं. माझी गाडी हार घालून दारात उभी, आणि मी पिंपामागे.
जेवले नाही. शेवटच्या एसटीने परत. उद्या सकाळी रीतसर तक्रार. नात्याचा मुलाहिजा नाही.

१ डिसेंबर
स्वप्निल गाडी घेऊन आला. धुतलेली, टाकी भरलेली, सीट पुढे सरकवलेली. मी पेपर वाचत होते. ड्युप्लिकेट किल्ल्यांचा जुडगा त्याने टेबलावर ठेवला. मी विचारलं की गाडी मागितली असती तर मी दिली नसती का. मग बोलला.
"देली असती, आत्या. पण मंग तू सोबत आली असती."
मी त्याचं व्याकरण सुधारलं नाही. जेवायला बस म्हणणार होते, तोवर गेला.
तक्रार उद्या.

४ डिसेंबर
तक्रार केलेली नाही. पोलिसांना एवढ्या बारीक गोष्टी कळत नाहीत. स्वप्निल तीन दिवस जेवायला आला नाही. क्लासला परीक्षा असेल. वरण दोघांपुरतंच होतं, सवयीने. पिंकीला दिलं.

१० डिसेंबर
सगळ्या किल्ल्या एकाच घरात असणं नियमाविरुद्ध आहे. प्रीतमला फोन करून तसं सांगितलं. ड्युप्लिकेट दुसऱ्या जिल्ह्यातच हव्यात, तेव्हा स्वप्निलला घ्यायला पाठव. यात भावनेचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. आणि त्याला किल्ल्या लागल्या, लग्नाच्या गडबडीत वगैरे, तर माझी हरकत नाही. मी सोबत यायलाच पाहिजे असंही नाही.
प्रीतम म्हणाला, "कुरिअरनं पाठवून दे, ताई."

११ डिसेंबर
पाकीट तयार केलं. आत चार ओळी असाव्यात म्हणून लेटरपॅड घेतलं. शाळेत निबंधात पहिली येत असे, ऑफिसात माझ्या नोटिंगला साहेब घाबरायचे. 'माय डिअर स्वप्निल' लिहिलं. स्वल्पविराम दिला. दुपारपर्यंत बसले.
शेवटी कुरिअरचं दुकान बंद होईल म्हणून नुसत्याच किल्ल्या पाठवल्या.