हत्तींसाठीच चाललोय

२ ऑगस्ट
ठरलं. आफ्रिका. झांबिया देश, लुआंग्वा नदीचं खोरं. हत्ती, पाणघोडे, बिबटे. जलसंपदा खात्यात उभी हयात गेली, नदी मला कोणी शिकवू नये. जयाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अनिरुद्ध तिथेच गाईड आहे ना? म्हटलं, असेल. खोरं मोठं आहे. निव्वळ योगायोग. मी हत्तींसाठी चाललोय.

नोंद असावी म्हणून लिहितो. चिरंजीवांनी एप्रिलमध्ये आयटीतली नोकरी सोडली आणि जंगलात गेले. मी एवढंच विचारलं, जनावरांमागे हिंडायला इंजिनिअर केलं का तुला? निघताना त्याने वाकून नमस्कार केला. मी पेपर वाचत होतो. अग्रलेख महत्त्वाचा होता. तेव्हापासून बोलणं बंद.

८ ऑगस्ट
शनिवार पेठेत ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. अक्षता नावाची मुलगी. सप्टेंबरात जाता का, म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं, डिसेंबर. मी मूळचा चंद्रपूरचा, ताडोबाच्या कडेला वाढलोय. पावसाळ्यात जंगल बंद, दसऱ्याच्या सुमारास उघडतं, हे आम्हाला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ठाऊक. ती म्हणाली, काका, तिकडे डिसेंबरमध्ये... मी म्हटलं, डिसेंबर फायनल. "बरं. जंगल तुमचं," म्हणाली. पुण्यात आजकाल कोणी नीट बोलत नाही.

१७ ऑगस्ट
रविवारी जया स्वयंपाकघरातून अनिरुद्धला फोन लावते. मी टीव्हीचा आवाज कमी केला. बातम्यांत काही राम उरलेला नाही. ऐकू आलं ते असं: कॅम्पच्या किचनमध्ये हत्तीण शिरली, तेव्हा हा आतच होता. जया हसत होती. हसण्यासारखं काय आहे त्यात? रात्री जेवण गेलं नाही. पित्त असावं.

६ सप्टेंबर
अक्षताकडून सहज चौकशी करून घेतली. अनिरुद्धच्या कॅम्पवर डिसेंबरचं बुकिंग घेतच नाहीत. फुल असणार. पोराने चांगलं नाव काढलेलं दिसतंय. शेजारचा लॉज मिळाला, तिथून त्याचा कॅम्प जीपने जाण्याजोगा आहे. म्हणजे, गेलंच तर.

जया म्हणते, अहो, एक फोन करा, कधी यावं ते विचारा त्याला. म्हटलं, मी विचारणार नाही आणि तूही सांगायचं नाहीस. प्रिन्सिपलचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुम्ही फोन कराल त्या दिवशी माझं तिकीट काढा."

२० सप्टेंबर
तिकीट काढलं. एक.

५ ऑक्टोबर
धायरीच्या टेकडीवर दशरथबरोबर फिरायला गेलो. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा होता त्याचा, आता मुलगा बघतो. म्हटलं, समज, जीप थांबली आणि आत अनिरुद्ध निघाला, तर तयारी हवी. तू अनिरुद्ध हो. दशरथ लगेच म्हणाला, बाबा, चुकलं माझं. म्हटलं, इतक्या लवकर नको, जरा थांब. पुन्हा केलं. या वेळी तो काही बोललाच नाही, नुसता पाया पडायला वाकला. म्हटलं, आज एवढं पुरे. उतरताना जरा मागेच राहिलो. गुडघा दुखत होता.

२४ ऑक्टोबर
दिवाळीच्या फराळातला शंकरपाळ्यांचा डबा बाजूला काढून ठेवला. सफारीत भूक लागते. जया म्हणाली, तुम्ही शंकरपाळे कधीपासून खायला लागलात? डब्याचं झाकण घट्ट लावलं.

१६ नोव्हेंबर
जया फोन ठेवून बाहेर आली. अनिरुद्ध पुण्याला येतोय. तिकडे पावसाळा आता सुरू होतो, नोव्हेंबर ते एप्रिल. नदी फुगते, रस्ते जातात, कॅम्प बंद करून सगळे आपापल्या घरी जातात. विषुववृत्ताखाली सगळं उलटं असतं. हे मला माहीत होतं. त्या वेळी लक्षात आलं नाही, इतकंच.

तो दहा डिसेंबरला येणार, सोळाला गाईडच्या पुढच्या परीक्षेसाठी साउथ आफ्रिकेला जाणार. मी आठला निघणार, अठराला परत.

जया म्हणाली, रद्द करा. मी म्हटलं, रद्द कशाला? मी त्याच्यासाठी थोडाच चाललो होतो? "हो का? मग जा," म्हणाली.

२९ नोव्हेंबर
जया आज पुन्हा रद्द करा म्हणाली असती तर विचार केला असता. म्हणाली नाही. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पाणी हवंय का, एवढंच विचारलं तिने.

अक्षताला फोन केला, तारखा बदलतात का? कारण विचारलं तिने. म्हटलं, कारण काही नाही. मग कशाला बदलता, काका? बरोबर आहे तिचं.

७ डिसेंबर
जयाने त्याच्या पलंगावर नवी चादर घातली. खिडकीच्या जाळ्या पुसल्या. गुणगुणत होती. चीड आली. बॅगेतून शंकरपाळ्यांचा डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. वजन जास्त होत होतं.

११ डिसेंबर, लुआंग्वा
पाऊस. लॉजवर पाहुणा मी एकटा. सकाळी जीप चिखलात रुतली. गाईड सांगत होता, आता जागोजागी पाणी आहे, जनावरं नदीवर कशाला येतील? पांगली. जलसंपदावाल्याला हे सांगावं लागावं. दाट झाडीमागे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. हत्ती, तो म्हणाला. ऐकला म्हणजे पाहिल्यातच जमा.

१३ डिसेंबर
दुपारी जयाचा व्हिडिओ कॉल. न सांगता फोन तिने त्याच्या हातात दिला. रापलाय. दाढी ठेवलीय. माझ्या खुर्चीत बसला होता. टेकडीवर बसवलेलं वाक्य एकही आठवेना.

तोच बोलला. "बाबा, हत्ती दिसले?"

"दिसले."

"बरेच?"

"बरेच."

त्याला इथला डिसेंबर माहीत नाही थोडाच. दाढी खाजवली. मग म्हणाला, "नशीबवान आहात. या दिवसांत आम्हालासुद्धा दिसत नाहीत." आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही. मला म्हणायचं होतं, नीट जेवतोस का? तेवढ्यात चित्र थिजलं. नंतर संध्याकाळपर्यंत लावत होतो. रेंज नाही.

१४ डिसेंबर
रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं, आधी परत जाता येईल का? त्या काळजीत पडल्या. खोली आवडली नाही का, जेवण, पाऊस? म्हटलं, नाही, सगळं चांगलं आहे. मग का, म्हणाल्या.

म्हटलं, "माझा मुलगा घरी आलाय."

त्या हसल्या, मग जायलाच हवं म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरवर बघायला लागल्या. मी काउंटरला धरून उभा होतो. पुढचं विमान बुधवारी आहे. अनिरुद्ध मंगळवारी निघतो.